३५ लाखांत समुद्रावरचं घर? सेकंडहँड शिडाची बोट घेण्याआधी हे वाचा

इन्स्टाग्रामवर कधी ना कधी तो व्हिडिओ तुमच्यासमोर आला असेलच. ग्रीसचं निळंशार पाणी, पांढरं शीड, डेकवर कॉफीचा मग घेऊन बसलेलं एक जोडपं आणि त्यावर ओळ, 'आम्ही घर विकलं आणि बोट घेतली!' कमेंट्समध्ये हमखास एक जण विचारतोच, "अशी बोट केवढ्याला मिळते हो?"

उत्तर ऐकून बरेच जण चकित होतात. १९८० किंवा ९०च्या दशकात बांधलेली, ३५-३६ फुटांची, पाच-सहा जणांच्या झोपण्याची सोय असलेली शिडाची बोट युरोपात ३० ते ५० हजार युरोला जाहिरातीत दिसते. आपल्या पैशात ढोबळमानाने ३० ते ५० लाख. एवढ्यात ठाण्यात धड वन बीएचके शोधताना घाम फुटतो! तेवढीच नवी बोट घ्यायची तर सगळ्या सामानासह दोन लाख युरोच्या आसपास तयारी ठेवावी लागते.

मग जुनी एवढी स्वस्त कशी? यात गोम काय? आणि इंग्लंड, नेदरलँड्स किंवा आखातात राहणाऱ्या एखाद्या मराठी मित्राने खरंच अशी बोट घ्यायचं मनावर घेतलं, तर त्याने नेमकं काय तपासायचं? चला, समजून घेऊ.

सांगाडा मरत नाही, बाकी सगळं मरतं

पूर्वी बोटी लाकडाच्या असत. लाकूड कुजतं, त्याला किडा लागतो. १९६०च्या दशकात युरोप-अमेरिकेत फायबरग्लासच्या बोटींचं पीक आलं. हे नवं साहित्य कितपत टिकेल याचा बांधणाऱ्यांनाच पुरता अंदाज नव्हता, म्हणून त्यांनी सावधगिरीने जाड थर दिले. परिणाम असा, की पन्नास वर्षांपूर्वीच्या बोटींचे सांगाडे आजही ठणठणीत आहेत. फायबरग्लासला ना वाळवी लागते ना गंज.

पण बोट म्हणजे नुसता सांगाडा नव्हे. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा, शिडं, इंजिन, पंप, वायरिंग, गॅसची नळी, पाण्याखालचे व्हॉल्व्ह, दोर. यातल्या प्रत्येकाचं आयुष्य वेगळं आणि सांगाड्यापेक्षा कितीतरी कमी. त्यामुळे तीस-पस्तीस वर्षांच्या बोटीत सांगाडा जवळजवळ फुकट मिळतो. पैसे मोजायचे असतात ते बाकीच्या वस्तूंच्या उरलेल्या आयुष्याचे.

एक उदाहरण घ्या. समजा, एकाच मॉडेलच्या, एकाच साली बांधलेल्या दोन बोटी आहेत. पहिली ३२ हजार युरोला, दुसरी ४५ हजारांना. पहिलीत सगळं मूळचंच आहे. दुसरीत तारा तीन वर्षांपूर्वी, शिडं चार वर्षांपूर्वी आणि इंजिन सहा वर्षांपूर्वी बदललंय, आणि बिलंही आहेत. कोणती स्वस्त? या आकाराच्या बोटीत नवं इंजिन बसवायला दहा हजार युरोच्या पुढे, दोन मुख्य शिडांना पाच-सहा हजार आणि तारांना चार-पाच हजार असा खर्च सहज येतो. म्हणजे ३२ हजारांची बोट खरं तर ५० हजारांच्या पुढे गेली!

म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न 'बोट किती जुनी?' हा नको. 'काय काय, कधी बदललं आणि बिलं आहेत का?' हा हवा. बिलांची जाडजूड फाईल ठेवणारा, थोडा चिकट, थोडा विक्षिप्त म्हातारा मालक हा आमच्या मते सगळ्यात चांगला विक्रेता!

किती फुटांची घ्यावी?

मध्यम आकार म्हणजे साधारण ३३ ते ४२ फूट. पहिल्यांदा घेणाऱ्याला नेहमी मोठी बोट खुणावते. 'पाच फुटांनी काय फरक पडतो?' असं वाटतं. तर फरक असा पडतो: ३५ फुटांची बोट ४० फुटांची केली की लांबी १४ टक्के वाढते, पण रुंदी आणि खोली त्याच प्रमाणात वाढली तर वजन जवळजवळ ५० टक्के वाढतं. वजन वाढलं की शिडं मोठी, तारा जाड, नांगर जड, इंजिन मोठं. मरीनाचं भाडं लांबीवर. तळाचा रंगही जास्त लागतो.

बदल्यात वेग किती मिळतो? अशा जड बोटीचा जास्तीत जास्त वेग तिच्या पाण्यात टेकलेल्या लांबीवर ठरतो. त्या लांबीचं फुटांमधलं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ने गुणायचं. २८ फुटांना सुमारे ७.१ नॉट्स, ३२ फुटांना सुमारे ७.६. चार फूट वाढवून अर्धा नॉट! ७ नॉट्स म्हणजे ताशी १३ किलोमीटर, आरामात चालवलेल्या सायकलचा वेग. तेव्हा वेगासाठी मोठी बोट घेऊ नका. दोघांना सांभाळायची असेल तर ३५-३६ फूट पुष्कळ झाले.

वर्षाच्या खर्चाबद्दल एक ठोकताळा सगळीकडे ऐकायला मिळतो, की किमतीच्या १० टक्के धरा. जुन्या बोटीसाठी हा ठोकताळा साफ फसवा आहे. मरीनावाला तुमची बोट ३० हजारांची की तीन लाखांची हे विचारत नाही, तो मीटरपट्टी लावतो. शिडं शिवणाराही तसंच करतो. खर्च बोटीच्या आकारावर येतो, किमतीवर नाही.

कील: सगळ्यात आधी इथे बघा

बोटीच्या पोटाखाली जे जड पातं असतं त्याला कील म्हणतात. वाऱ्याने बोट एका बाजूला कलली की शिशाचं किंवा बिडाचं हे वजन तिला परत सरळ करतं. कील गेली, तर काही क्षणांत बोट उलटू शकते.

हे नुसतं घाबरवणं नाही. मे २०१४मध्ये 'चीकी राफिकी' नावाची ४० फुटी बोट कॅरिबियनमधल्या अँटिग्वाहून इंग्लंडला परत चालली होती. अटलांटिकच्या मध्यावर तिची कील निखळली. बोटीवरचे चारही ब्रिटिश खलाशी गेले. नंतर एका मालवाहू जहाजाला तिचा उलटा सांगाडा दिसला. त्या वेळी जीवरक्षक तराफा बोटीतच होता, म्हणजे तो बाहेर काढायलाही वेळ मिळाला नव्हता. बोट बांधली होती २००६ साली, म्हणजे अवघी आठ वर्षांची! ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने २०१५च्या अहवालात म्हटलं, की बोट आधी तळाला घासली-आपटली होती, त्यानंतर दुरुस्त्याही झाल्या होत्या, आणि या सगळ्यामुळे कीलची जोडणी कमकुवत झाली असावी.

यातली तांत्रिक बाजू समजून घेण्यासारखी आहे. बऱ्याच आधुनिक बोटींत तळाला आतून एक चौकटींची जाळी चिकटवलेली असते. कीलचे बोल्ट तिच्या भागातून जातात आणि ओझं सगळ्या तळावर पसरतं. बोट खडकावर आपटली की कीलचं खालचं टोक मागे ढकललं जातं. त्यामुळे कीलची मागची बाजू तळात वर घुसायला बघते आणि पुढची बाजू तळापासून ओढली जाते. या झटक्यात ती जाळी तळापासून सुटू शकते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

म्हणून फरशीच्या फळ्या उचला आणि टॉर्च घेऊन खाली बघा. कीलच्या मागच्या टोकावर, म्हणजे बोटीच्या आतल्या बाजूने, जाळीच्या कोपऱ्यांत केसासारख्या भेगा आहेत का? तिथे नवा रंग किंवा नवं फायबरग्लास दिसतंय का? बोल्टभोवती गंजाचे ओघळ आहेत का? बोट पाण्याबाहेर काढल्यावर कील आणि तळ जिथे जुळतात ती रेघ बघा. पुढच्या बाजूला तिथे बऱ्याचदा हसऱ्या ओठांसारखी भेग दिसते. अमेरिकेत कॅटलिना बोटींवरून तिला 'कॅटलिना स्माइल' असं गमतीदार नाव पडलंय. बारीक असेल तर बहुतेक वेळा बोल्ट आवळून, सांधा पुन्हा भरून काम भागतं. पण तिच्यातून पाणी आणि गंज झिरपत असेल तर हसण्यासारखं काही नाही. मालकाला सरळ विचारा, "बोट कधी आपटली होती का?" आणि उत्तर देताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

जुन्या धाटणीच्या बोटींत कील वेगळी जोडलेली नसते. सांगाड्याचाच भाग म्हणून ती लांबलचक असते आणि वजन आत भरलेलं असतं. तिला बोल्टच नाहीत, त्यामुळे सुटण्याचा प्रश्नच कमी. गोल्डन ग्लोब ही एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत मुद्दाम अशाच बोटींवर होते: आराखडा १९८८च्या आधीचा आणि लांबी ३२ ते ३६ फूट. भारतीय नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी एप्रिल २०२३मध्ये या शर्यतीत दुसरे आले, ते रस्टलर ३६ या ब्रिटिश बनावटीच्या बोटीवर. २०१८च्या शर्यतीतली विजेती बोटही रस्टलर ३६च होती. ही शर्यत ज्या मूळ प्रवासाच्या आठवणीत भरते, तो रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचा १९६८-६९चा ३१२ दिवसांचा प्रवास. त्यांची ३२ फुटी 'सुहेली' आपल्या मुंबईतच सागवानात बांधली होती!

मग लांब कीलचीच घ्यावी का? महासागर ओलांडायचा असेल तर जरूर विचार करा. पण भूमध्य समुद्रात उन्हाळ्यात बेटाबेटांवर फिरायचं असेल, तर मरीनातल्या चिंचोळ्या गल्लीत अशी बोट रिव्हर्स घेताना तोंडचं पाणी पळतं. तिथे आखूड कीलची बरी.

डेक: कानांनी तपासा

आमच्या मते नवख्या ग्राहकाची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. बहुतेक बोटींचं डेक सँडविचसारखं असतं: वर-खाली फायबरग्लासचे पातळ थर आणि मध्ये बाल्साचं हलकं लाकूड किंवा फोम. हलकं, मजबूत, छान. पण रेलिंगचे खांब, खुंट, खिडक्या बसवायला या सँडविचला भोकं पाडावी लागतात. त्यातलं सील वीस वर्षांत कडक होतं आणि पाणी आत शिरतं. एकदा शिरलं की बाहेर यायला वाट नाही. आतला बाल्सा ओल्या पावासारखा होतो, आणि बाहेरून डेक चकाचक!

तपासायचं कसं? प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर किंवा छोटी हातोडी घ्या आणि डेकवर थोड्या थोड्या अंतरावर हलकेच ठोकत जा. टरबूज घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसंच. टणक 'टक टक' आली तर ठीक. मध्येच 'थप थप' असा बसका आवाज आला तर खाली ओल आहे किंवा थर सुटलेत. पायाखाली डेक किंचित दबत असेल तर आणखी वाईट. खांबांच्या बुडाशी आणि डोलकाठीभोवती जास्त वेळ द्या.

सागवानी पट्ट्यांचं डेक दिसायला राजेशाही. जुन्या बोटींत या पट्ट्या शेकडो स्क्रूंनी बसवलेल्या असतात. शेकडो स्क्रू म्हणजे पाणी शिरायला शेकडो जागा. लाकूड झिजून स्क्रूंची डोकी वर आली असतील, तर ते डेक काढून टाकण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

याउलट ज्या एका गोष्टीने सगळे घाबरतात ती म्हणजे ऑस्मोसिस. तळाच्या फायबरग्लासमध्ये पाणी झिरपून फोड येतात आणि फोड फोडला की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. दिसायला किळसवाणं आहे, पूर्ण उपचार महाग आहे (थर सोलायचा, बोट महिनोन्महिने वाळवायची, मग नवा लेप), पण ऑस्मोसिसने बोट बुडाल्याचं सहसा ऐकायला मिळत नाही. चार फोडांसाठी चांगली बोट सोडू नका. हवं तर भाव पाडून घ्या. ओल मोजायच्या यंत्राचा आकडाही लगेच खरा मानू नका, कारण नुकत्याच पाण्याबाहेर काढलेल्या बोटीवर आणि तांबं असलेल्या रंगावर ते भलताच आकडा दाखवतं.

डोलकाठी आणि तिच्या तारा

स्टेनलेस स्टील गंजत नाही, असं आपण समजतो. पण हवा पोचत नाही अशा फटीत खारं पाणी साठलं की तेही आतून पोखरलं जातं. तारांचं तेच होतं, तेही टोकाला, जिथे तार पितळी-पोलादी टोपणात शिरते. एक धागा तुटला की डोलकाठी खाली यायला एक वारा पुरतो. म्हणून साधारण दहा ते पंधरा वर्षांनी तारा बदलायच्या, असा रिवाज आहे आणि कित्येक विमा कंपन्या तशी अटच घालतात. तारा कधी बदलल्या याचं बिल नसेल तर त्या मूळच्याच आहेत असं धरून भाव करा.

तारा बोटीच्या अंगाला ज्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात, तिथे आतून फळ्यांवर तपकिरी डाग दिसले तर ते पाण्याचे आहेत. शिडांचं सोपं आहे: नव्या कापडात कागदासारखा करकरीतपणा असतो, जुनं कापड चादरीसारखं मऊ होतं. मऊ शिडावर बोट चालते, पण वाऱ्याकडे तोंड करून वर चढता येत नाही.

इंजिन: मालकाने आधी चालू केलंय का?

शिडाच्या बोटीला इंजिन कशाला? बंदरात शिरायला, वारा पडल्यावर आणि खडकांपासून दूर पळायला. ३५-४० फुटी बोटीत साधारण ३० ते ५० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन असतं.

पोचल्या पोचल्या इंजिनाला हात लावा. गरम असेल तर मालकाने तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलंय. थंड इंजिन सुरू व्हायला किती कुरकुरतं हेच तर बघायचं असतं! आधीच फोनवर सांगून ठेवा, "आम्ही येईपर्यंत चालू करू नका."

मग धूर बघा. सुरुवातीला थोडा पांढरा चालतो. सतत निळा म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे हवा कमी पडतेय, इंजेक्टर बिघडलेत किंवा पंख्यावर शिंपले चिकटून इंजिनावर ताण येतोय. गरम झाल्यावरही दाट पांढरा येत असेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा थंड करणारं पाणी जिथे जायला नको तिथे जातंय. मागून धुराबरोबर पाणी फेकलं जातंय ना, तेही बघा.

तासांच्या मीटरवर फार भाळू नका. वीस वर्षांत फक्त ४०० तास चाललेलं इंजिन ऐकायला 'कोरं' वाटतं, पण खाऱ्या पाण्यासह नुसतं उभं राहिलेलं इंजिन नियमित चालवलेल्या २,००० तासांच्या इंजिनापेक्षा बऱ्याचदा वाईट निघतं.

अनेक बोटींत इंजिनाचा पाय थेट तळाला मोठं भोक पाडून खाली जातो. त्याला सेलड्राइव्ह म्हणतात. त्या भोकाला रबरी पडदा असतो. व्होल्वो पेंटा हा पडदा दर सात वर्षांनी बदलायला सांगते. शेवटचा कधी बदलला, हे विचारलं की निम्मे मालक आकाशाकडे बघतात. बदलायला इंजिन मागे सरकवावं लागतं किंवा पाय उतरवावा लागतो, म्हणून मजुरी बरीच.

हाताच्या मुठीएवढे व्हॉल्व्ह

सिंकचं पाणी, टॉयलेट, इंजिनाचं पाणी यांसाठी तळाला अर्धा डझन भोकं असतात आणि प्रत्येकाला व्हॉल्व्ह. युरोपीय मानकाची बरीच वर्षं अपेक्षा एवढीच होती, की हे पाच वर्षं गंजाला दाद न देता टिकावेत. त्यामुळे कित्येक कारखान्यांनी साधे पितळी व्हॉल्व्ह बसवले. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं, धातू गुलाबीसर होतो आणि बिस्किटासारखा ठिसूळ बनतो. लाथ लागली की तुटतो. प्रत्येक व्हॉल्व्ह उघडून-मिटून बघा. जो हलत नाही तो बदलायचा. हे काम स्वस्तातलं आहे, न केल्यास बोट मरीनात उभ्या उभ्या बुडते.

गॅसचं एक लक्षात ठेवा: एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात गळती झाली तर खिडकी-दारातून जाईल, बोटीत तो तळाशी साचून राहतो. सिलिंडरची पेटी आतल्या भागापासून पूर्ण बंद आणि तिचं भोक थेट समुद्रात उघडणारं हवं.

भाड्याने चाललेली बोट घ्यावी का?

ग्रीस-क्रोएशियात पर्यटकांना आठवड्याच्या भाड्याने दिल्या जाणाऱ्या बोटी काही वर्षांनी विकायला निघतात. वयाने लहान, किमतीने बऱ्या, दोन-तीन केबिन. टॅक्सी म्हणून चाललेली गाडी घेण्यासारखंच आहे हे. इंजिनाची सर्व्हिस वेळेवर झालेली असते, पण दर शनिवारी नवा, नवशिका कप्तान! मरीनाच्या भिंतीला धडका, खडकांवर घासणं, नांगराच्या यंत्रावर अत्याचार. घ्यायला हरकत नाही, फक्त कील आणि सुकाणू दुप्पट कडक नजरेने बघा. कॅरिबियनमधली स्वस्त बोट दिसली तर सप्टेंबर २०१७मध्ये ती कुठे होती, हे विचारा. तेव्हाच्या 'इर्मा' चक्रीवादळात तिथल्या भाड्याच्या बोटींची अक्षरशः रास झाली होती आणि त्यातल्या काही दुरुस्त होऊन बाजारात आल्या.

उलटली तर सरळ होईल का?

ऑगस्ट १९७९मध्ये इंग्लंड-आयर्लंडदरम्यानच्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी उतरल्या आणि वादळात सापडल्या. १५ स्पर्धक मेले, २४ बोटी सोडून द्याव्या लागल्या. सगळ्यात छोट्या बोटींच्या गटात शर्यत पूर्ण करणारी एकच बोट होती: 'असेंट' नावाची कॉन्टेसा ३२. अरुंद, जड, जुन्या वळणाची.

त्यानंतर बोटी किती सहज उलटतात याचा अभ्यास झाला आणि एक सोपं सूत्र रूढ झालं. बोटीचं वजन पौंडांत घेऊन ६४ने भागा, त्याचं घनमूळ काढा आणि बोटीच्या फुटांमधल्या रुंदीला त्याने भागा. उत्तर २च्या खाली हवं. कॉन्टेसा ३२ची रुंदी साडेनऊ फूट, वजन ९,५०० पौंड. उत्तर येतं १.८च्या आसपास. वजन कीलमध्ये खाली आहे की वर, हे या सूत्राला कळत नाही, म्हणून ते पहिली चाळणी म्हणूनच वापरा.

१९९८पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या बोटीवर अ, ब, क, ड असा दर्जा लिहावाच लागतो (रोमन लिपीत ए ते डी). 'ए' म्हणजे चार मीटरपेक्षा उंच लाटांसाठी, 'सी' म्हणजे किनाऱ्यालगत दोन मीटरपर्यंत. पण 'ए'चा शिक्का नवी बोट बाहेर पडली तेव्हाचा असतो. आज तिच्या तारा कुजल्या असतील तर शिक्का काय करणार?

सर्व्हेअर, पैसे आणि कागद

हे सगळं बघून झाल्यावरही एक माणूस नेमायचाच आहे, स्वतंत्र सर्व्हेअर. फी तुम्ही द्यायची, निवडायचाही तुम्ही. दलालाने सुचवलेला नको, कारण दलालाचं कमिशन सौदा झाला तरच मिळतं. पद्धत अशी: किंमत ठरवायची, साधारण १० टक्के इसारा द्यायचा आणि करारात लिहून घ्यायचं, की सर्व्हे आणि समुद्रावरची चाचणी समाधानकारक झाली तरच सौदा पक्का. मग क्रेनने बोट बाहेर काढून तपासणी होते. अहवाल पन्नास दोषांचा आला तरी घाबरू नका, सगळ्याच जुन्या बोटींचा येतो. तुमच्या उपयोगाचे त्यातले चार-पाच महागडे. त्यावर भाव पुन्हा बोलायचा. जुन्या बोटीला विमा देताना कंपनीही हाच अहवाल मागते, आणि विमा नसेल तर बहुतेक मरीना आत घेत नाहीत.

कागदांत दोन गोष्टी अडकवतात. पहिली मालकी. ब्रिटनमध्ये 'स्मॉल शिप्स रजिस्टर'वरची नोंद हा मालकीचा पुरावा नाही. आधीच्या प्रत्येक विक्रीचे कागद मागा आणि बोटीवर कर्ज आहे का ते तपासा, कारण कर्ज बोटीबरोबर येऊ शकतं.

दुसरी व्हॅट. युरोपीय संघात राहणाऱ्याच्या बोटीवर व्हॅट भरल्याचा पुरावा हवा, नाहीतर कस्टम्स तो तुमच्याकडून मागू शकतं. १ जानेवारी १९८५च्या आधीपासून वापरात असलेल्या आणि ३१ डिसेंबर १९९२ला संघाच्या पाण्यात असलेल्या बोटींवर तो भरला आहे असं मानलं जातं, पण त्या रात्री बोट कुठे होती याची मरीनाची पावती लागते. तीस वर्षांपूर्वीची पावती! ब्रेक्झिटनंतर आणखी एक गाठ पडली. २०२०च्या अखेरीस ब्रिटनमध्ये असलेली बोट आता संघात 'बाहेरची' समजली जाते. इंग्लंडात स्वस्त दिसलेली बोट ग्रीसला नेऊन ठेवायचा बेत असेल, तर हा हिशोब आधी करा.

घ्यायची वेळ? उत्तर युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबर. मोसम संपलेला असतो, मालकासमोर हिवाळी पार्किंगचं बिल उभं असतं आणि बोट तशीही क्रेनने बाहेर निघणारच असते, त्यामुळे सर्व्हेसाठी वेगळा खर्चही वाचू शकतो. एप्रिलमध्ये तीच बोट नवा रंग लावून, गाद्या धुऊन, चढ्या भावाने परत जाहिरातीत येते.